भूत कोणी केले, हसतो कोण? : लॅटिनो लोककथांवरच्या भयपटांविषयी

भुताच्या गोष्टीला आपल्या साहित्यविचारात फारशी प्रतिष्ठा नाही. ती आजीने अंधारात सांगायची, मुलांनी गोधडीत तोंड खुपसून ऐकायची आणि शाळेत गेल्यावर विसरायची, असा एक समज आहे. चळवळीतल्या कार्यकर्त्याला तर तिच्याविषयी रास्त संशय असतो. भुताच्या भीतीवर देवऋषी-भगतांची पोटे भरतात आणि करणीच्या संशयावरून माणसे मारली जातात, हे त्याने पाहिलेले असते. हा संशय सोडावा असे मला मुळीच म्हणायचे नाही. परंतु भुतावर विश्वास ठेवणे वेगळे आणि भुताच्या गोष्टीचा अर्थ लावणे वेगळे. एखादा समाज कोणाला भूत ठरवतो, ते भूत कोणत्या भाषेत रडते, ते दिसल्यावर कोण पळतो आणि कोण हसतो, हे प्रश्न निव्वळ करमणुकीचे नाहीत. ते सत्तेचे प्रश्न आहेत.

लॅटिन अमेरिकेतल्या आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राहणाऱ्या लॅटिनो दिग्दर्शकांनी काही भयपटांत हे प्रश्न मोठ्या धिटाईने हाताळले आहेत. त्यांपैकी दोन चित्रपट म्हणजे कथागुच्छ आहेत : २०१४ चा ‘मेहिको बार्बारो’ आणि २०२२ चा ‘सॅटॅनिक हिस्पॅनिक्स’. एका चित्रपटात अनेक छोट्या कथा, प्रत्येकीचा दिग्दर्शक वेगळा, आणि सगळ्यांचा कच्चा माल एकच : आपल्या लोकांची भुते आणि आपल्या लोकांचा विनोद. या चित्रपटांची ओळख करून देणे आणि त्यांतल्या हसण्याचा अर्थ लावणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१

‘सॅटॅनिक हिस्पॅनिक्स’ची सुरुवात टेक्सासमधल्या एल पासो या शहरात होते. मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेले हे शहर. पोलीस एका घरावर छापा घालतात. आत प्रेतांचा खच पडलेला आहे. मेलेले सगळे लॅटिनो. एकच माणूस जिवंत सापडतो. पोलीस त्याला ठाण्यावर नेतात आणि चौकशी सुरू करतात. त्यांच्या डोक्यात उत्तर आधीच तयार आहे : सीमेपलीकडचा माणूस, इतकी प्रेते, म्हणजे अमली पदार्थांची टोळी! तो माणूस मात्र सांगतो की आपण शतकानुशतके जगत आलो आहोत, आपल्या मागावर ‘सान ला मुएर्ते’ म्हणजे साक्षात मृत्युसंत आहे, आणि आपल्याला लवकर सोडले नाही तर या ठाण्यातले कोणीच वाचणार नाही. पोलिसांचा विश्वास बसत नाही. मग तो एकामागून एक गोष्टी सांगू लागतो.

या सांगाड्याचा अर्थ मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको. ‘वेताळपंचविशी’त प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि राजा ऐकतो. राजा बोलला की वेताळ निसटतो. सांगणारा खांद्यावर बांधलेला, ऐकणारा सत्ताधीश. पण गोष्ट चालू असेपर्यंत सत्ता सांगणाऱ्याच्या हाती. येथेही तेच आहे. बेड्या घातलेला माणूस बोलतो आणि वर्दीतला माणूस ऐकतो. फरक एवढाच की विक्रम राजा वेताळाचे म्हणणे खरे मानून उत्तर देतो, आणि एल पासोच्या ठाण्यात आरोपीचे म्हणणे खरे मानण्याची रीतच नाही. शेवटी मृत्यू खरोखरच ठाण्यात येतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

या प्रवाशाची भूमिका एफ्रेन रामिरेझ या नटाने केली आहे. २००४ च्या ‘नेपोलियन डायनामाइट’ या विनोदी चित्रपटातला पेद्रो म्हणून अमेरिकन प्रेक्षक त्याला ओळखतात : नायकाचा मित्र, थोडा गबाळा, ज्याच्या उच्चारांवर आणि अबोलपणावर हसायचे असा. असा हसण्याचा विषय झालेला नट येथे गोष्ट सांगणारा झाला आहे. ही निवड सूचक आहे.

चित्रपटाच्या नावातही एक कोटी आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत सैतानपूजेची एक साथ पसरली होती. पाळणाघरांतून सैतानाची पूजा चालते, मुलांचा छळ होतो, अशा अफवा उठल्या. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन पाळणाघराचा खटला १९८३ च्या आरोपांतून उभा राहिला आणि १९९० मध्ये एकाही आरोपीला दोषी न ठरवता संपला. या सामूहिक भयगंडाला ‘सॅटॅनिक पॅनिक’ म्हणतात. त्यातल्या ‘पॅनिक’ला ‘हिस्पॅनिक’ जोडून दिग्दर्शकांनी आपले नाव बनवले. ‘तुम्हाला आमची भीती वाटते ना? मग घ्या, आम्हीच सैतान’, असा हा पवित्रा आहे. शिवी उचलून ती पदकासारखी छातीवर लावण्याची ही रीत आपल्याला परकी नाही.

‘हिस्पॅनिक’ हा शब्दही समजून घेतला पाहिजे. तो लोकांनी स्वतःला दिलेला नाही. अमेरिकन सरकारने १९७० च्या दशकात स्पॅनिश भाषेशी आणि संस्कृतीशी नाते असलेल्या सगळ्यांसाठी तो कागदोपत्री रूढ केला आणि १९८० च्या जनगणनेत तो साऱ्या देशासाठी वापरला गेला. क्यूबाचा डॉक्टर, पोर्तो रिकोचा कामगार, ग्वातेमालाचा माया शेतमजूर आणि कॅलिफोर्नियात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मेक्सिकन, हे सारे एका रकान्यात बसवले गेले. ‘लॅटिनो’ हा शब्द त्या मानाने लोकांना जवळचा वाटतो, पण तोही एका छत्रीसारखाच आहे. कथागुच्छाचा आकार या वास्तवाला म्हणूनच शोभतो. एक मोठी कथा सांगून ‘हा पाहा लॅटिनो माणूस’ असे म्हणता येत नाही. पाच कथा सांगितल्या की निदान पाच माणसे दिसतात.

२

पण या कथांतली भुते आली कोठून? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

स्पॅनिश विजेत्यांनी १५२१ मध्ये अॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान जिंकली आणि तिच्या अवशेषांवर मेक्सिको शहर उभारले. पुढच्या तीन शतकांत त्यांनी जी समाजरचना केली तिचे नाव वाचून आपण दचकतो. ते नाव होते ‘कास्ता’. हाच शब्द पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणला, येथल्या जातीला लावला, आणि त्यावरूनच इंग्रजीतला जातीचा शब्द आला. अटलांटिकपलीकडे त्याच शब्दाने माणसांची रक्तावरून प्रतवारी झाली : वर स्पॅनिश, खाली ‘इंदियो’ म्हणजे मूळ रहिवासी, गुलाम म्हणून आणलेला आफ्रिकन, आणि मध्ये मिश्र संततीच्या अनेक पायऱ्या. अठराव्या शतकात या पायऱ्यांची चित्रे काढली जात. बहुधा सोळा चौकटी, प्रत्येकीत आई, बाप आणि मूल, आणि खाली त्या मुलाची ‘जात’ लिहिलेली. स्वातंत्र्ययुद्धात होसे मारिया मोरेलोस याने १८१३ मध्ये गुलामगिरी आणि कास्ता दोन्ही रद्द करण्याची मागणी लिहून ठेवली. कायद्यातून कास्ता गेली. चेहऱ्यांकडे पाहण्याची दृष्टी मात्र गेली नाही.

जमीन आणि शरीर जिंकल्यावर देवांचा प्रश्न राहतो. जिंकलेल्यांच्या देवांना विजेते सैतान ठरवतात, हा इतिहास सर्वत्र सारखाच आहे. ‘नाउआल’चे उदाहरण पाहा. मेसोअमेरिकेतल्या श्रद्धेनुसार काही माणसांना प्राण्याचे रूप घेता येते. काही ठिकाणी प्रत्येक माणसाची एखाद्या प्राण्याशी जन्मगाठ असते असे मानतात. त्यात ज्ञान होते, वैद्यकी होती, आणि भीतीही होती. चर्चने त्याला सैतानाशी केलेला करार म्हटले. एर्नान्दो रुईझ दे अलार्कोन या धर्मगुरूने १६२९ मध्ये मूळ रहिवाशांच्या ‘अंधश्रद्धां’वर एक ग्रंथ पुरा केला. तो लिहिण्याचा हेतू त्या नष्ट करणे हा होता. गंमत अशी की ज्या मंत्रांचा नायनाट करायचा होता ते त्याने नावात्ल भाषेत जसेच्या तसे उतरवून घेतल्यामुळे आज ते आपल्याला उपलब्ध आहेत.

दुसरी आकृती ‘ला योरोना’ची, म्हणजे रडणारी बाई. मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेपर्यंत प्रत्येक पोराला ती ठाऊक असते. पांढऱ्या कपड्यांत नदीकाठी रडत फिरते, आपली मुले शोधते, आणि सापडेल ते मूल घेऊन जाते. प्रचलित कथेप्रमाणे पुरुषाने टाकल्यावर तिने स्वतःच आपली मुले पाण्यात बुडवली. अनेक कथनांत ती मूळ रहिवासी आहे आणि तिला टाकणारा स्पॅनिश उमराव. परंतु तिची एक जुनी सावली याहून वेगळी आहे. बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन साधूने नावा सहकाऱ्यांच्या मदतीने जो बारा खंडांचा ग्रंथ तयार केला, त्यात स्पॅनिश येण्यापूर्वीचे आठ अपशकुन नोंदले आहेत. सहावा असा की रात्री एक बाई मुलांसाठी मोठमोठ्याने रडताना ऐकू येई. ती मुलांना मारणारी बाई नव्हती. येणाऱ्या संहाराची चाहूल लागलेली आई होती. पुढच्या काळात ती रडणारी आईच खुनी ठरली. संहार करणारे गोष्टीतून निघून गेले आणि ज्यांचा संहार झाला त्यांच्या आईवर मुलांच्या खुनाचा आळ राहिला! लोककथा लोकांचीच असते हे खरे, पण तिच्यात सत्ताधाऱ्यांचा हात कसा शिरतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

३

भीतीची परंपरा अशी. हसण्याची परंपरा तितकीच जुनी आणि अधिक बंडखोर आहे.

मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मृतांचा सण पाळतात. घरात वेदी मांडतात, मेलेल्यांच्या आवडीचे जेवण ठेवतात, साखरेच्या कवट्या वाटतात. याच सणाला ‘कालावेरा’ नावाची विनोदी पद्ये छापण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात रुजली. मजा अशी की ही मृत्युपद्ये जिवंत माणसांवर असत. मंत्री, सावकार, सेनापती यांना मेलेले कल्पून त्यांची टर उडवली जाई. होसे ग्वादालुपे पोसादा (१८५२–१९१३) या चित्रकाराने अशा स्वस्त पत्रकांसाठी सांगाड्यांची चित्रे कोरली. सायकलवर बसलेले सांगाडे, दारू पिणारे सांगाडे, घोड्यावरचे क्रांतिकारक सांगाडे. मांस गळून गेल्यावर कोणाची कास्ता ओळखायची?

त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र आज ‘कात्रीना’ म्हणून जगभर विकले जाते : मोठी युरोपीय टोपी घातलेली हसरी कवटी. तिचे पहिले नाव वेगळे होते, ‘गार्बान्सेरा’, म्हणजे हरभरे विकणारी. रक्ताने मूळ रहिवासी असून आपला मका टाकून स्पॅनिश हरभऱ्याला जवळ करणारे आणि युरोपीय थाटाचे सोंग आणणारे लोक, यांच्यावरचा हा टोला होता. ‘कात्रीना’ हे नाव दिएगो रिव्हेराने दिले आणि १९४७ मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या भित्तिचित्रात तिला मधोमध उभे केले. आता ती पर्यटकांच्या पिशवीवर बसली आहे आणि टोला विसरला गेला आहे. धारदार विनोदाची बाजारात काय गत होते, हे येथे दिसते.

ही परंपरा सीमा ओलांडून अमेरिकेत आली ती शेतमजुरांबरोबर. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात डेलानो येथे द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी लुईस वाल्देझ याने संपकऱ्यांतूनच ‘एल तेआत्रो काम्पेसिनो’ ही नाट्यमंडळी उभी केली. ट्रकच्या उघड्या फळीवर, गळ्यात ‘मालक’, ‘संपफोड्या’ अशा पाट्या अडकवून मजूर छोटी प्रहसने करीत. आंबेडकरी जलशांची माहिती असलेल्या वाचकाला या रंगमंचाची जात लगेच ओळखता येईल. ‘लोस वेन्दिदोस’ (१९६७) या प्रहसनात एका दुकानात मेक्सिकन माणसांचे यांत्रिक नमुने विकायला ठेवलेले आहेत : शेतमजूर, गुंड, क्रांतिकारक. शेवटी कळते की नमुने ही जिवंत माणसे आहेत आणि यंत्र आहे तो दुकानदार. ‘सोल्दादो रासो’ (१९७१) मध्ये व्हिएतनामला निघालेल्या चिकानो पोराची कथा सांगतो तो स्वतः मृत्यू, आणि तो विनोद करीत सांगतो. ‘सॅटॅनिक हिस्पॅनिक्स’मधल्या प्रवाशाचे पूर्वज येथे आहेत.

४

आता ‘मेहिको बार्बारो’कडे वळू. आठ मेक्सिकन दिग्दर्शक, आठ कथा. प्रत्येकाने देशातली एक दंतकथा किंवा एक भीती निवडली. चित्रपटाच्या नावाचा अर्थ ‘रानटी मेक्सिको’. याच नावाचे एक पुस्तक शंभर वर्षांपूर्वी गाजले होते. जॉन केनेथ टर्नर हा अमेरिकन पत्रकार श्रीमंत गुंतवणूकदाराचे सोंग घेऊन युकातानच्या केकताडीच्या मळ्यांत शिरला. सोनोरातून पकडून आणलेले याकी लोक आणि स्थानिक माया लोक तेथे कर्जाच्या नावाखाली गुलाम म्हणून राबत होते, विकले जात होते, फटक्यांनी मरत होते. १९१० च्या त्या पुस्तकात टर्नरने दाखवले की रानटी ते लोक नव्हेत. रानटी आहे ती पोर्फिरिओ दियासची राजवट, आणि तिच्या नफ्यात वाटा असलेले अमेरिकन भांडवल. म्हणून हे नाव घेणाऱ्या चित्रपटाला आपण विचारले पाहिजे : तुमच्या मते रानटी कोण?

चित्रपटाचे उत्तर एकसारखे नाही. लाउरेत फ्लोरेस बोर्न हिच्या ‘त्सोम्पान्त्ली’ या कथेत एक पत्रकार अमली पदार्थांच्या टोळीने केलेल्या नरबळीची हकिकत सांगतो. त्सोम्पान्त्ली म्हणजे अॅझ्टेकांची कवट्यांची रांग. २०१५ मध्ये मेक्सिको शहराच्या मुख्य चर्चमागे अशा एका रचनेचे अवशेष उत्खननात सापडले. आजच्या टोळीयुद्धातली प्रेते आणि जुन्या बळींच्या कवट्या यांना शेजारी ठेवण्याची कल्पना प्रभावी आहे. परंतु तिच्यात धोका आहे. ‘हे लोक मुळातच असे, यांच्या रक्तातच बळी आहे’, हे विजेत्याचे म्हणणे आपल्याच तोंडून वदवले जाण्याचा तो धोका. आजची टोळी अॅझ्टेकांच्या देवळातून निघालेली नाही. ती अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांवर, तिकडून येणाऱ्या बंदुकांवर आणि विकल्या गेलेल्या वर्दीवर पोसली आहे. टर्नरने नेमका हाच हिशेब मांडला होता, आणि ही कथा तो मांडत नाही.

एद्गार नितो याची ‘हाराल दे बेरिओस’ ही कथा ग्वानाह्वातोतल्या एका खऱ्याखुऱ्या ओसाड वाड्याभोवती फिरते. दोन लुटारू, एक जखमी, जुन्या हासिएन्दात आसरा घेतात आणि तेथले भूत त्यांना गिळते. हासिएन्दा म्हणजे हजारो मजुरांच्या श्रमावर उभी असलेली जमीनदारी. अशा वाड्यात भूत असणे साहजिक आहे. दिग्दर्शकाने मात्र मजुरांना हाक मारलेली नाही. त्याचे भूत एक सुंदर स्त्री आहे. मालकाचे घर झपाटलेले आहे, पण ज्यांनी ते झपाटावे ते लोक गोष्टीत नाहीत, ही उणीव जाणवत राहते.

आणखी एक मोठा दोष सांगितलाच पाहिजे. या आठांतल्या बऱ्याच कथांत बाईचे शरीर हे यातनेचे प्रदर्शन होते. कॅमेरा तिच्याकडे तसाच पाहतो जसा मारेकरी पाहतो. शोषित समाजातला पुरुष दिग्दर्शक झाला म्हणून त्याची नजर आपोआप मुक्त होत नाही. याला तोडीस तोड उत्तर त्याच चित्रपटातली शेवटची कथा देते. गिगी साउल गेरेरो हिच्या ‘दिआ दे लोस मुएर्तोस’मध्ये मृतांच्या सणाच्या रात्री एका नाचघरातल्या बाया चेहरे कवटीसारखे रंगवून मंचावर येतात. समोर बसलेले पुरुष त्यांच्यावर अत्याचार केलेले. बघणारे आणि दाखवल्या जाणाऱ्या यांची जागा एका क्षणात उलटते. पोसादाची कवटी पर्यटकांच्या पिशवीवरून उतरून पुन्हा कामाला लागते.

५

याच गेरेरोने ‘सॅटॅनिक हिस्पॅनिक्स’मध्ये ‘नाउआलेस’ ही कथा केली आहे. विश्वासघात केलेल्या एका माणसाला रानात नेऊन नाउआल त्याचा हिशेब चुकता करतात. येथे विनोद जवळजवळ नाही. ज्यांना चर्चने सैतान म्हटले ते न्यायाधीशाच्या जागी बसले आहेत. अर्जेन्तिनाच्या देमिआन रुग्नाची कथा घरातल्या एका भुताची, संथ आणि खरोखर घाबरवणारी आहे.

विनोदाची खरी करामत एदुआर्दो सान्चेसच्या ‘एल वाम्पिरो’त आहे. १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’चा सहदिग्दर्शक असलेला सान्चेस मूळचा क्यूबाचा. त्याच्या कथेतला रक्तपिपासू हॅलोविनच्या रात्री खुशाल रस्त्यावर हिंडतो, कारण त्या रात्री सगळेच सोंग घेतलेले असतात. खऱ्या राक्षसाला लपावे लागत नाही. पोटभर शिकार करून तो मजेत असताना बायकोचा फोन येतो : घड्याळाची वेळ बदलली आहे, तुझ्या हिशेबापेक्षा एक तास आधी सूर्य उगवणार! अमेरिकेत वर्षातून दोनदा सरकारी घड्याळे तासभर मागेपुढे करतात. शतकानुशतके माणसांना घाबरवणारा हा प्राणी आता सरकारी घड्याळापुढे हतबल होऊन घराकडे पळत सुटतो, आणि वाटेत बायकोची बोलणी खातो. हेमकी मादेरा या नटाने ही फजिती विलक्षण मायेने रंगवली आहे. आपण हसतो, आणि हसता हसता आपल्याला तो आवडू लागतो. रात्रपाळीचा कामगार, कागदपत्रे नसलेला स्थलांतरित, उजाडण्यापूर्वी घरी पोचावे लागणारा कोणीही माणूस त्याच्यात दिसू लागतो. ‘हा राक्षस आहे’ हे वाक्य विनोदाने मोडले ते असे.

आलेहान्द्रो ब्रुगेस याची ‘झांझिबारचा हातोडा’ ही कथा याच्या दुसऱ्या टोकाला आहे. सैतानाला मारायचे शस्त्र म्हणून जे बाहेर निघते त्याचा आकार पुरुषलिंगाचा आहे. प्रेक्षक खदाखदा हसतात, आणि हसू तेथेच संपते. नावातले झांझिबारही दूरच्या आफ्रिकेची केवळ गंमत म्हणून आले आहे. आपल्याला कोणी असे वापरले की आपण चिडतो; मग आपण दुसऱ्याला तसे वापरू नये. हे लिहिताना वाईट वाटते, कारण याच ब्रुगेसचा ‘हुआन दे लोस मुएर्तोस’ (२०११) हा क्यूबन चित्रपट विनोदी भयपटाचा उत्तम नमुना आहे. हवानात प्रेते उठून चावू लागतात, आणि सरकारी दूरदर्शन जाहीर करते की हे अमेरिकेच्या पैशावर पोसलेले विरोधक आहेत. हुआन नावाचा रिकामटेकडा माणूस लगेच धंदा काढतो : तुमच्या लाडक्या नातेवाइकांना मारून मिळेल, वाजवी दरात. त्या एका विनोदात सत्तेचा खोटेपणा आणि सामान्य माणसाची जगण्याची हिकमत दोन्ही आहेत. त्याच दिग्दर्शकाच्या हातून दुसऱ्या वेळी विनोद निसटतो, एवढेच.

६

विनोद नसलेल्या एका चित्रपटाचा येथे उल्लेख आवश्यक आहे, कारण त्याने हसण्याच्या प्रश्नालाही उत्तर दिले आहे. २०१९ या एकाच वर्षी ला योरोनावर दोन चित्रपट आले. एक हॉलिवुडचा. १९७३ च्या लॉस एंजेलिसमध्ये ती पांढऱ्या वस्त्रांतली बाई मुले पळवायला येते. एक वैद्य-मांत्रिक अधूनमधून हशा पिकवत तिचा बंदोबस्त करतो. तिला मुलांचे प्रेम नाही, इतिहास नाही. ती फक्त दारामागून किंचाळते.

दुसरा चित्रपट ग्वातेमालाच्या हाइरो बुस्तामान्ते याचा. ग्वातेमालात एफ्राइन रियोस मोन्त या लष्करी हुकूमशहाच्या काळात, १९८२-८३ मध्ये, इशील माया लोकांचा संहार झाला. १,७७१ माणसांच्या हत्येबद्दल त्याच्यावर खटला चालला. १० मे २०१३ रोजी न्यायालयाने त्याला वंशसंहाराबद्दल दोषी ठरवून ८० वर्षांची शिक्षा दिली. दहाच दिवसांनी घटनात्मक न्यायालयाने तो निकाल रद्द केला. २०१८ मध्ये तो शिक्षा न भोगता मेला. बुस्तामान्तेच्या चित्रपटातला म्हातारा सेनापती असाच सुटून घरी येतो. बाहेर मृतांच्या नातेवाइकांचा जमाव. घरातले माया नोकर निघून गेलेले. मग एक नवी मोलकरीण येते, आल्मा. रात्री पाणी वाहते, रडणे ऐकू येते. आणि सेनापतीची बायको स्वप्नात स्वतः ती माया बाई होते. सैनिक तिच्या डोळ्यांदेखत तिच्या मुलांना पाण्यात बुडवतात.

मुले आईने मारली नव्हती. मुले लष्कराने मारली होती. शतकानुशतके सांगितलेल्या गोष्टीतला आळ एका प्रसंगात पुसला गेला. लोककथा जशी सत्तेने वाकवता येते तशी ती सरळही करता येते. गोष्ट फेकून देण्याची गरज नाही; तिच्यात खुनी कोण हे दुरुस्त करावे लागते.

७

म्हणून अशा चित्रपटांना तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. गोष्ट कोण सांगतो? भुताला काय हवे आहे? आणि हसू कोणाच्या दिशेने जाते? रक्तपिपासूच्या फजितीत हसू त्याच्यासोबत जाते. हवानाच्या दूरदर्शनवर हसू सत्तेच्या दिशेने जाते. बाईच्या किंकाळीवर किंवा परक्याच्या देशाच्या नावावर पिकवलेले हसू मात्र खाली जाते, मग ते पिकवणारा कितीही आपला असो. लॅटिनो असणे ही सांगण्याची सुरुवात आहे, सांगणे खरे असल्याची हमी नव्हे.

आपल्याकडेही लोककथेतल्या भुतावरचे विनोदी भयपट आता गर्दी खेचतात. २०२४ चा ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट कोकणातल्या मुंजाच्या कथेवर आहे. मुंजा म्हणजे मुंज झालेला आणि लग्नाआधी मेलेला मुलगा. म्हणजे भुतालाही जात आहे, जानवे आहे. समंधाचेही तसेच. बाळंतपणात मेलेली बाई मात्र हडळ होते आणि तिचे नावही कोणी विचारत नाही. मेल्यावरही उतरंड टिकते, ती अशी.

शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. वर्गात किंवा शिबिरात पोरांना आपापल्या गावातल्या भुतांची यादी करायला सांगावी. विहिरीवरचे, वडाखालचे, शिवेवरचे. प्रत्येकापुढे तीन रकाने : जिवंतपणी हे कोण होते, ते कसे मेले, आणि ही गोष्ट गावात कोण सांगतो. तिसरा रकाना भरताना पोरे थोडी थांबतील. एल पासोच्या ठाण्यात त्या बेड्या घातलेल्या माणसाला कोणी हे तीन प्रश्न विचारले असते, तर निदान काही जीव वाचले असते.